की टेम्प्लेटमध्ये ठेवू नये

पूर्वपक्ष असा. टेम्प्लेटवरून व्हर्च्युअल मशीन उभे करायचे तर विंडोजचे ॲक्टिवेशनही त्याच दमात, माणसाचा हात न लागता व्हायला हवे. त्यासाठी व्हॉल्यूम परवान्याची की टेम्प्लेटमध्येच घालून ठेवावी, मशीन पहिल्यांदा सुरू होताना चालेल अशी चार ओळींची स्क्रिप्ट सोबत द्यावी आणि विषय मिटवावा. रायपूरच्या सर्व्हर रूममध्ये, नागपूरहून येणाऱ्या कंत्राटदाराच्या लॅपटॉपवर, पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आलेल्या कार्यपद्धतीच्या फायलीत हे मत इतके मुरले आहे की त्याला कोणी मत म्हणतच नाही. "की टाकलीय ना?" एवढेच विचारतात. टाकली असेल तर पुढचा विषय.

या मताचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे, दुसरा नाही. ॲक्टिवेशन आपोआप व्हावे याबद्दल वाद नाही. ते टेम्प्लेटने करावे, हे चूक आहे. टेम्प्लेटमध्ये कोणतेही गुपित नसावे. नवे मशीन ज्या नेटवर्कमध्ये जन्माला येते, त्या नेटवर्कनेच त्याला ॲक्टिवेट करावे. आणि ॲक्टिवेशन झाले म्हणजे परवान्याचा हिशेब पुरा झाला, हा जो पोटसमज या मताच्या आडोशाने वाढला आहे, तो तर मुळातच खोटा आहे.

दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही पुरुषार्थ नसतो, म्हणून आधी त्याची बाजू पुरती मांडतो. छत्तीसगडात नोव्हेंबर ते जानेवारी हा धानखरेदीचा काळ. २०२४-२५ च्या हंगामात १४ नोव्हेंबर ते ३१ जानेवारी या अडीच महिन्यांत राज्याने सुमारे १४९ लाख टन धान किमान आधारभूत भावाने विकत घेतले. पंचवीस लाखांच्या घरात शेतकरी, अडीच हजारांवर खरेदी केंद्रे, आणि नोंदणीपासून टोकन, वजन, पैसे जमा होईपर्यंत सगळे संगणकावर. २००७ पासून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) मदतीने ही व्यवस्था इथे रुजली आणि तिचे देशभर कौतुकही झाले. शेतकऱ्याचे पैसे येतात ते बहुतेक सहकारी बँकेच्या खात्यात. सरकारी यंत्रणेखेरीज बँका, राईस मिलवाले, वाहतूकदार, बारदाना पुरवणारे, सगळ्यांच्या सर्व्हरवरचा ताण याच अडीच महिन्यांत चढतो. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कोणीतरी साहेब म्हणतात, "परवापर्यंत आठ सर्व्हर द्या." टेम्प्लेट तयार असेल तर आठ मशीन तासाभरात उभी राहतात. त्यानंतर एकेका मशीनवर लॉगइन करून पंचवीस अक्षरांची की टंकत बसणे हा निव्वळ वेळेचा नाश आहे. एक अक्षर चुकते, एखादे मशीन विसरले जाते, आणि जानेवारीत पडद्याच्या कोपऱ्यात "विंडोज ॲक्टिवेट करा" अशी सूचना उगवते. म्हणून की टेम्प्लेटमध्ये. युक्तिवाद सरळ आहे आणि तो करणारी माणसे आळशी नाहीत. त्यांच्यावर घाई लादलेली असते.

आता उत्तरपक्ष.

टेम्प्लेटमध्ये जी की घातली जाते ती जवळजवळ नेहमी एमएके असते, म्हणजे मल्टिपल ॲक्टिवेशन की. तिचा व्यवहार एकरकमी आहे. मशीन एकदा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जाते, कीच्या खात्यातून एक ॲक्टिवेशन वजा होते, आणि मशीन कायमचे ॲक्टिवेट होते. भौतिक सर्व्हरच्या काळात हे ठीक होते. सर्व्हर विकत घ्यायचा, पाच-सात वर्षे वापरायचा, मग भंगारात. व्हर्च्युअल मशीनचे आयुष्य तसे नसते. चाचणीसाठी चार उभी करतात, दोन पाडतात, एक बिघडले म्हणून टेम्प्लेटवरून पुन्हा काढतात. प्रत्येक नव्या जन्माला खात्यातून एक वजा. पाडलेल्या मशीनचे ॲक्टिवेशन परत जमा होत नाही. खात्यात किती उरले हे कोणी पाहत नाही, कारण की तर "टाकलेली" असते. खाते संपते ते नेमके नव्या मशीनची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, कारण तेव्हाच मशीन सर्वांत जास्त निघतात.

त्यात भर पडली ती ब्रॉडकॉमची. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतले आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. तेव्हापासून लहानमोठी कार्यालये प्रॉक्समॉक्स, हायपर-व्ही, न्यूटॅनिक्स असे पर्याय धुंडाळत आहेत. व्हीएमवेअरवरची मशीन दुसऱ्या हायपरव्हायजरवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, नेली की त्यांच्या पोटातले आभासी हार्डवेअर बदलते. बदल पुरेसा मोठा असेल तर विंडोज पुन्हा ॲक्टिवेशन मागते आणि एमएकेचे खाते आणखी खाली जाते. एकच मशीन, एकच परवाना, ॲक्टिवेशन दोन.

आणि ती चार ओळींची स्क्रिप्ट? बहुधा ती विंडोजच्या सेटअप फोल्डरमधल्या स्क्रिप्ट्स या उपफोल्डरात सेटअप-कम्प्लीट नावाने ठेवतात. सेटअप संपल्यावर, लॉगइनचा पडदा दिसण्याआधी ती आपोआप चालते. नेटवर्क तेव्हा तयार असेलच याची खात्री नसते. स्क्रिप्टमधला आदेश यशस्वी झाला की फसला, हे विंडोज सेटअप तपासत नाही, आणि ही गोष्ट मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजात स्वच्छ लिहिलेली आहे. डीएचसीपीने पत्ता द्यायला पाच सेकंद उशीर केला की स्क्रिप्ट अपयशी होते, कोणाला काही कळत नाही, दुसरा प्रयत्न होत नाही. ज्याला आपण ऑटोमेशन म्हणतो ते प्रत्यक्षात एकदाच मारलेला आणि नेम न पाहिलेला दगड असतो. शिवाय ती फाइल तिथेच राहते. त्या क्लोनवर ज्याला ज्याला प्रशासकाचे अधिकार मिळतात, त्याला नोटपॅडमध्ये संपूर्ण की वाचता येते. मशीनची डिस्क "जरा घरी तपासतो" म्हणून कंत्राटदाराच्या हार्ड डिस्कवर गेली की कीसुद्धा गेली.

याला पर्याय आहे तो नवा नाही. केएमएस, म्हणजे की मॅनेजमेंट सर्व्हिस, विंडोज व्हिस्टाच्या काळापासून आहे. त्यात खरी की फक्त एका होस्टवर असते. बाकीची मशीन आपल्याच नेटवर्कमधल्या त्या होस्टला १६८८ क्रमांकाच्या पोर्टवर विचारतात आणि १८० दिवसांचे ॲक्टिवेशन घेतात. दर सात दिवसांनी ती स्वतःहून नूतनीकरणाचा प्रयत्न करतात. पेन्शनर जसा दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो, तसेच हे. दाखला येत राहिला तर पेन्शन चालू, आला नाही तर बंद. मशीन आपल्या जाळ्यातून बाहेर गेले, कोणी त्याची डिस्क उचलून नेली, तर सहा महिन्यांत त्याचे ॲक्टिवेशन आपसूक संपते. एमएकेवाले मशीन मात्र कुठेही जाऊन "मी कायदेशीर" म्हणत बसते.

होस्ट कुठे आहे हे मशीनला कोण सांगतो? डीएनएस. व्हीएलएमसीएस नावाची एक एसआरव्ही नोंद असते, होस्ट ती सहसा स्वतःच करतो, आणि नवे मशीन ती शोधते. ॲक्टिवेशन पहिल्या खेपेला जमले नाही तर दर दोन तासांनी पुन्हा प्रयत्न होतो. म्हणजे स्क्रिप्टमध्ये जे लिहायला आपण विसरतो, ते कार्यप्रणालीने आधीच करून ठेवले आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो हुशार माणसांकडून येतो: "टेम्प्लेटमध्ये की नको म्हणता, पण केएमएसच्या मशीनमध्येही जीव्हीएलके असतेच की." असते. पण ती गुपित नाही. प्रत्येक आवृत्तीची ही सर्वसाधारण की मायक्रोसॉफ्टने जाहीरपणे छापलेली आहे आणि व्हॉल्यूम परवान्याच्या आयएसओमध्ये ती मुळातच असते. ती स्वतः काहीच ॲक्टिवेट करत नाही, फक्त "तू होस्टला विचार" एवढे मशीनला सांगते. वाद कीच्या अस्तित्वाचा नाही, गुपिताचा आहे.

मग केएमएसबद्दल इतकी नाराजी का? "आमच्याकडे लावले होते, भरवशाचे नाही," हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा सिस्टिम ॲडमिन रायपुरात मिळायचा नाही. या नाराजीची कारणे मला दोनच दिसतात, आणि दोन्ही टेम्प्लेटमध्येच लपलेली आहेत.

एक कारण सिसप्रेपचे. टेम्प्लेट बनवताना शेवटी सिसप्रेप चालवून जनरलाइझ हा पर्याय द्यायचा असतो. मशीनची वैयक्तिक ओळख त्याने पुसली जाते. पुष्कळ जण हे गाळतात. या गाळण्यामागे एक अर्धवट वाचलेला लेख आहे. २००९ साली मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोव्हिच यांनी दोन मशीनचा एसआयडी, म्हणजे सुरक्षेचा ओळखक्रमांक, सारखा असला तर सुरक्षेचे मोठे संकट येते ही समजूत खोडून काढली आणि स्वतःचेच न्यूएसआयडी हे साधन निवृत्त केले. लोकांनी तेवढेच लक्षात ठेवले. त्याच लेखात त्यांनी सिसप्रेप इतरही मशीनविशिष्ट गोष्टी बदलतो, म्हणून क्लोनसाठी तो लागतोच, असेही म्हटले होते. ते कोणी वाचले नाही. आणि आता तर उरलासुरला आधारही गेला. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासूनच्या अद्यतनांनी विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये एसआयडीची तपासणी कडक केली. सारखा एसआयडी असलेली मशीन एकमेकांपुढे ओळख पटवू शकेनात. सोळा वर्षे चाललेली सवलत संपली.

केएमएसला मात्र सिसप्रेप पहिल्या दिवसापासून हवा होता. होस्ट मशीन मोजतो ते सीएमआयडी या ओळखक्रमांकावरून, आणि सर्व्हर आवृत्तीसाठी किमान पाच वेगळी मशीन दिसल्याशिवाय तो कोणालाच ॲक्टिवेट करत नाही. विंडोज १० किंवा ११ साठी ही संख्या पंचवीस आहे. सिसप्रेप न चालवलेल्या टेम्प्लेटवरून सहा सर्व्हर काढा आणि होस्टवर विंडोजच्या एसएलएमजीआर या आदेशाला डीएलव्ही हा पर्याय देऊन पाहा. एक लांबलचक खिडकी उघडते, तिच्यात सध्याची संख्या असते, आणि ती संख्या असते १. सहाही क्लोनवर हाच आदेश द्या, सीएमआयडीची ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचा: सहाही ठिकाणी अक्षरशः तीच. होस्टच्या दृष्टीने एकच मशीन सहा वेळा दार ठोठावते आहे. क्लोनवर येते ती एफ०३८ ने संपणारी चूक, म्हणजे संख्या अपुरी. ज्याला हे माहीत नाही तो म्हणतो केएमएस बिघडले, आणि एमएके शोधायला लागतो.

दुसरे कारण घड्याळाचे, आणि ते मला जास्त रंजक वाटते, कारण ते आपल्या रेखांशाशी जोडलेले आहे. विंडोज असे धरून चालते की यंत्राच्या अंगभूत घड्याळात स्थानिक वेळ आहे. लिनक्सच्या जगात ते घड्याळ यूटीसीवर ठेवण्याची रीत. केव्हीएमवर आधारलेल्या हायपरव्हायजरमध्ये मशीन बनवताना पाहुण्या कार्यप्रणालीचा प्रकार विंडोज असा निवडला तर तो स्थानिक वेळ देतो. "इतर" असा निवडला, किंवा व्हीएमवेअरहून स्थलांतर करताना तो रकाना तसाच राहिला, तर यूटीसी. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. मग सकाळी अकरा वाजता रायपुरात उभे केलेले मशीन स्वतःच्या मते पहाटे साडेपाचला जागे होते. केएमएस होस्ट आणि मशीन यांच्या घड्याळांत चार तासांपेक्षा जास्त फरक असला तर होस्ट विनंती नाकारतो. साडेपाच म्हणजे चारच्या वर. लंडनमध्ये हीच चूक केली तर फरक शून्य किंवा फार तर एक तास. बर्लिनमध्ये फार तर दोन. तिथल्या अभियंत्याला हा दोष जन्मात दिसणार नाही, आणि म्हणूनच परदेशी मार्गदर्शिकांत तो कोणी ठळकपणे लिहीत नाही. मार्गदर्शिका तिकडची, घड्याळ इकडचे.

डोमेनमध्ये सामील झाल्यावर वेळ सुधारते आणि पुढच्या प्रयत्नात केएमएस जमूनही जाते. पण तोवर अभियंत्याने पहिली चूक पाहिलेली असते, साहेब मागे उभे असतात, आणि दोन तास थांबायला कोणी तयार नसते. एमएके टाकली, चालली, तीच टेम्प्लेटमध्ये गेली. प्रचलित मत असे जन्माला येते. औषध मात्र घड्याळावर करायला हवे, आणि ते करण्याचे कायदेशीर बंधन आपल्यावर आहेच. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळ-सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळवून ठेवायची आहेत. (लॉग १८० दिवस ठेवायचे, हेही त्याच निर्देशांत. केएमएसच्या १८० दिवसांशी त्याचा काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला सोपे.) ज्या कार्यालयाने हे निर्देश हायपरव्हायजरपर्यंत नेले, त्याचा हा प्रश्न अर्धा सुटला. उरलेला अर्धा म्हणजे पाहुण्या मशीनचा प्रकार नीट निवडणे.

आता लहान कार्यालयांचा आक्षेप. तो खरा आहे आणि त्याला मान द्यायला हवा. ज्यांच्याकडे एकूण तीनच सर्व्हर आहेत त्यांची पाचची अट कधीच पुरी होणार नाही. त्यांनी काय करावे? डोमेन असेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर आधारलेले ॲक्टिवेशन वापरावे. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून ते आहे, त्याला किमान संख्येची अट नाही. की एकदा डिरेक्टरीत नोंदवली की डोमेनमध्ये आलेले मशीन आपोआप ॲक्टिवेट होते. टेम्प्लेटवरून मशीन काढताना डोमेनमध्ये सामील करण्याची पायरी आपण एरवीही घालतोच. हायपर-व्हीवर डेटासेंटर आवृत्ती असेल तर त्याहून सोपे: सर्व्हर २०१२ आर-२ पासून होस्टच आपल्या पोटातल्या विंडोज सर्व्हर मशीनना ॲक्टिवेट करतो, नेटवर्कचीही गरज नाही. आणि डोमेनही नाही, इंटरनेटही नाही, अशी खोली असेल, समजा एखाद्या प्रकल्पाच्या नियंत्रण कक्षात, तर तिथे एमएकेला पर्याय नाही, हे मान्य. पण तिथेही ती व्हॅमट या मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने बाहेरून, मशीन जन्मल्यानंतर द्यावी. म्हणजे अपवाद एमएकेला मिळतो, टेम्प्लेटमध्ये ठेवण्याला नाही.

सगळ्यांत वाईट टेम्प्लेट मात्र वेगळेच असते: मूल्यमापन आवृत्तीच्या आयएसओवरून बनवलेले. ते फुकट उतरवता येते म्हणून कोणीतरी चाचणीसाठी बनवते आणि पुढे तेच कामाला लागते. १८० दिवस सुरळीत जातात. मुदत संपली की सर्व्हर तासातासाला बंद पडू लागतो. मे महिन्याच्या मध्यात उभा केलेला सर्व्हर नोव्हेंबरच्या मध्यात, ऐन खरेदीत. व्हॉल्यूमची की त्यावर तशीच चालत नाही, आधी डिझम या विंडोजच्या साधनाने आवृत्ती बदलावी लागते, आणि तोच सर्व्हर डोमेन कंट्रोलर असेल तर तेही करता येत नाही.

"लिनक्स वापरा, हा प्रश्नच उरणार नाही," असे म्हणणारेही भेटतात, विशेषतः एनआयटी आणि ट्रिपल आयटीतून नुकते बाहेर पडलेले. परवान्याच्या खर्चापुरते त्यांचे बरोबर आहे, आणि सरकारी कामात मुक्त स्रोताला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण २०१५ पासून आहेच. पण टेम्प्लेटचा दोष तिथेही तसाच आहे. रेड हॅटचे टेम्प्लेट नोंदणीसह गोठवले की सगळे क्लोन ग्राहक-पोर्टलवर एकच मशीन म्हणून दिसतात. मशीन-आयडीची फाइल रिकामी न करता उबंटूचे क्लोन काढले की कधी दोघांना डीएचसीपीकडून एकच आयपी मिळतो, कारण ओळख त्या आयडीवरून ठरते. उपाय तोच: ओळख पुसा, आणि नोंदणी पहिल्या सुरुवातीला बाहेरून करू द्या.

इथवर वाद पद्धतीचा होता. आता मुद्दा पैशाचा आणि कायद्याचा.

ॲक्टिवेशन म्हणजे परवाना नव्हे. केएमएस होस्ट तुम्ही किती मशीनचे पैसे भरले हे विचारत नाही. तो अकराव्यालाही देतो, एकशे अकराव्यालाही. म्हणून "सगळी ॲक्टिवेटेड आहेत" हे लेखापरीक्षकाला उत्तर होऊ शकत नाही. काही जण होस्टवरची संख्या पुराव्यादाखल दाखवतात. ती संख्याही शिरगणती नसते. होस्ट गरजेच्या दुप्पट ओळखी लक्षात ठेवतो आणि तिथे थांबतो. पंचवीसची अट असलेल्या ठिकाणी आकडा पन्नासावर टेकतो, मग खाली तीनशे मशीन असली तरी.

परवाना मोजतात तो कोअरवर. विंडोज सर्व्हर २०१६ पासून प्रत्येक भौतिक सर्व्हरचे सगळे कोअर मोजायचे, प्रोसेसरमागे किमान ८, सर्व्हरमागे किमान १६. स्टँडर्ड आवृत्तीत एका पूर्ण मोजणीला दोन व्हर्च्युअल मशीनची मुभा. समजा ३२ कोअरचा एक होस्ट, म्हणजे इथे भौतिक सर्व्हर, आहे आणि त्यावर दहा विंडोज मशीन आहेत. दोनाला एक मोजणी म्हणजे पाच मोजण्या, ३२ गुणिले ५, एकशे साठ कोअरचे परवाने. आता हा होस्ट एकटा नाही. तीन होस्टचे क्लस्टर आहे, आणि एक पडला तर दहाही मशीन उरलेल्यांपैकी कुठेही जाऊ शकतात. परवाना एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सर्वसाधारणपणे ९० दिवसांतून एकदाच हलवता येतो, मशीन मात्र मिनिटात हलते. म्हणून दहाही मशीन तिन्ही होस्टवर मावतील इतके परवाने लागतात: ४८०. हे गणित केले की बहुतेकांच्या लक्षात येते की मशीन आणखी वाढली तर डेटासेंटर आवृत्ती, जिच्यात मशीनच्या संख्येला मर्यादा नाही, स्वस्त पडेल. ऑक्टोबर २०२२ पासून सॉफ्टवेअर ॲश्युरन्स किंवा सब्स्क्रिप्शन असल्यास मशीनच्या आभासी कोअरवर मोजण्याचा मार्गही आहे, मशीनमागे किमान ८ कोअर. कोणता मार्ग परवडेल हे प्रत्येक कार्यालयाचे वेगळे. पण हे गणित कागदावर कोणीतरी मांडलेले असायला हवे, आणि टेम्प्लेटमधली की ते न मांडण्याची सोय करून देते. मशीन काढणे जितके सोपे, तितके अकरावे मशीन निघणे सोपे.

बाजारात मिळणाऱ्या "ॲक्टिवेटर"बद्दल फार बोलत नाही. बनावट केएमएस होस्ट बनून तो विंडोजला फसवतो, आणि अशा टेम्प्लेटवरून निघालेले प्रत्येक मशीन एका अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम प्रशासकाच्या अधिकाराने चालवत असते. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. "कंत्राटदाराने टेम्प्लेट दिले" हे सांगून पहिल्यांदा सुटता येईल. दुसऱ्यांदा माहीत नव्हते म्हणणे कठीण.

मे २०२५ मध्ये नव्या रायपुरात एआय डेटा सेंटर पार्कची कोनशिला बसली. तिथे जे चालेल ते बहुतांशी लिनक्सवर चालेल, आणि तिथल्या अभियंत्यांना हा लेख कदाचित जुनाट वाटेल. पण शहरातली बँक, रुग्णालय, मिलचे कार्यालय, महाविद्यालय यांची विंडोज मशीन पुढची बरीच वर्षे टेम्प्लेटवरूनच निघणार आहेत, आणि ती टेम्प्लेटे तुमच्या-माझ्यासारखेच कोणीतरी सांभाळणार आहेत. तेव्हा एक विनंती. पुढचा हंगाम सुरू होण्याआधी आपल्या टेम्प्लेटचा एक क्लोन उघडा आणि सेटअपच्या स्क्रिप्ट्स फोल्डरात पाहा. तिथे पंचवीस अक्षरांची एमएके दिसली तर ती काढून जीव्हीएलके घाला, सिसप्रेप चालवून टेम्प्लेट पुन्हा बनवा, आणि जुनी की आजवर ज्या ज्या डिस्कवर गेली असेल त्यांची यादी करून परवाना विकणाऱ्याकडे नवी मागा.